पाण्यातली तबकडी

"तीन," नावाडी म्हणाला.

काळीपांढरी तबकडी दोरीने पाण्यात सोडायची. ती दिसेनाशी झाली की दोरीच्या गाठी मोजायच्या, मीटरला एक गाठ. तळं किती नितळ, ते त्यावरून कळतं. दर मंगळवारी, एकाच माणसाने, एकाच नजरेने. प्रयोगशाळेचा नियमच तसा. गेली सव्वीस वर्षं नोंदवहीत सही या नावाड्याची होती.

आज समोरच्या फळीवर प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडम बसल्या होत्या. त्यांना जागा करून द्यायला त्याला तिथला धोंडा उचलून पायाशी ठेवावा लागला. होडीचा तोल राहावा म्हणून हल्ली तो धोंडा घेऊनच निघायचा. त्याच्याशी बोलायचाही. निदान उलट उत्तर तरी मिळत नसे.

मॅडमनी मांडीवर आलेख पसरला. एकवीस वर्षं रेघ चारच्या आसपास. मग एका मंगळवारी धाडकन तीनवर. तिथून ती वर आलीच नव्हती.

"रेघ खाली आली त्याच महिन्यात मासेवाल्यांनी तळ्यात पिंजरे टाकले. माशांच्या खाद्यानंच पाणी गढूळ झालंय. उद्याच काढायला लावते सगळे. तुमच्या नोंदी होत्या म्हणून कळलं हो."

त्या पिंजऱ्यांवर एकोणीस घरं जगत होती. गप्प बसलं तर कुणाला पत्ताही लागणार नव्हता. आणि तोंड उघडलं तर मंगळवार हातचा जाणार. त्याच्याकडे मंगळवाराशिवाय होतं काय? घरी नुसतं कुलूप वाट बघत असायचं. बाकीचे सहा दिवस तो कसेबसे ढकलायचा. भर तळ्यात, समोर माणूस बसलेलं असताना, त्याला फार एकटं वाटलं.

मॅडमनी पेनाचं टोक रेघेच्या उतारावर टेकवलं. "त्या आठवड्यात तळ्याला नेमकं काय झालं, आठवतंय का?"

त्याने ओली दोरी गुंडाळून खाली ठेवली. पायाशी पडलेल्या धोंड्याकडे पाहिलं.

"तळ्याला काहीच झालं नाही, मॅडम. माझे डोळे पहिल्यापासून अधू. मी दोरी सोडायचो आणि तबकडी माझी बायको बघायची. त्या आठवड्यात ती गेली."

मॅडमनी पेन रेघेवरून उचललं.

"पिंजरे राहू द्या. तिला दिसायचं ते शेवटचं मीटर मला कधी दिसलंच नाही."