व्हिडिओचे शेवटचे चार सेकंद

"बाराव्यांदा चुकलीस," म्हणत मी नीरजाच्या पाठीत धपाटा घातला आणि पुन्हा मोबाइल धरला. पहिलीच्या पालकांच्या ग्रुपवर आज प्रत्येकाने मुलाचा धडा वाचतानाचा व्हिडिओ टाकायचा होता. तेराव्या वेळी ती कुठेही अडखळली नाही. मी तो लगेच पाठवून दिला.

भाजी फोडणीला टाकून व्हिडिओ पाहिला. धडा संपल्यावर तिचा आवाज होता, "आता नाही ना मारणार?"

एक्केचाळीस जणांनी तो बघितला होता. मी घाईने डिलीट केला. तेवढ्यात वर्गाच्या बाईंचा मला एकटीला मेसेज आला.

"मी वाचते," म्हणत नीरजाने मोबाइल घेतला. अक्षरावर बोट ठेवत ती वाचू लागली, "ति-ला... मा-रू... न-का."

मग भिंतीला पाठ टेकवून तिने विचारलं, "बरोबर वाचलं ना, आई?"