धाकटीच्या दारात, न ढकलता

"हॉर्नला हात लावलास तर बघ," असं मुलाला बजावून थोरली मागच्या सीटवर ऐसपैस बसली. मायलेक गाडी विकायला निघाले होते, आणि या गाडीचा हॉर्न दाबला की वाजायचा नाही. पुढच्या काचेवर वायपर नाचायला लागायचे.

बाकीचे गुण सांगायचे तर दिवस मावळेल. इंजिन गार असलं की रुसायचं, तापलं की फुगून बसायचं. जुन्यातली ही गाडी थोरलीनेच पसंत केली होती, म्हणून घरात कुणी ब्र काढत नसे. जनावर घ्यावं ते दात बघून, हे ती जन्मभर लोकांना शिकवत आली. गाडीला दात नसतात, तिथे फसली.

तिने हेही गिळलं असतं. पण धाकटी बहीण होती ना. तिच्याकडे जायचं म्हटलं की गल्लीच्या तोंडाशी गाडी मान टाकणार, मुलगा घामाघूम होऊन मागून ढकलणार, आणि गॅलरीत हाताची घडी घालून उभी असलेली धाकटी वरून विचारणार, "ताई, गाडीतून आलीस, की गाडीला घेऊन आलीस?"

शेजारपाजार खिडक्यांत यायचा. धाकटीकडेही गाडी होती, पण ती कधी दारात दिसायची नाही. विचारलं तर म्हणायची, आमची सारखी बाहेरच असते, तिला कुठली उसंत. हे ऐकलं की थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात जायची. शेवटच्या खेपेला तिने भर गल्लीत सांगून टाकलं, की यापुढे या दारात येईन तर आपल्या पायांनी चालणाऱ्या गाडीतून, नाहीतर हे दार मला बंद. पाठची एकुलती एक बहीण. पण तोंडातून गेलेला शब्द थोरलीने आजवर परत घेतला नव्हता. घरी येऊन ती जेवली नाही, एवढंच.

जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला सगळे साखऱ्या म्हणायचे. लोखंडाचा धंदा करायचा, पण बोलायचा साखरेचं. मुलाने वाटेत मुद्दाम फेऱ्या मारून इंजिन रुसवा आणि फुगवा यांच्या मधोमध आणून ठेवलं होतं. साखऱ्या चक्कर मारायला बसला, तशी थोरलीने तोंडाचा पट्टा सोडला. सुनेचा आळस, विहिणीचा तोरा, गुडघ्यांची कुरकुर. इंजिनाला बोलायला तिने जागाच ठेवली नाही. चक्कर संपली तेव्हा साखऱ्या कान चोळत होता. गाडी त्याने ठेवून घेतली.

"बदल्यात काय देतोस ते आधी दाखव," थोरली म्हणाली.

"काकू, थोडे दिवस द्या. तुमच्यासाठी हिरा शोधून ठेवतो."

हिरा हिरव्या रंगाचा निघाला, नुकताच रंगवलेला. एका बाईंची गाडी, साखऱ्या म्हणाला. फारशी वापरलेलीच नाही हो, बहुतेक वेळ गॅरेजातच असायची. यावेळी थोरलीने हॉर्न दाबून बघितला. खणखणीत वाजला. शहाणं माणूस एकाच दगडाला दोनदा ठेचकाळत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती निघाली. गल्लीचं तोंड आलं, तिने श्वास रोखला. गाडी वळली. गल्ली संपेपर्यंत चालली आणि धाकटीच्या दारात नेमकी उभी राहिली. मुलाने हॉर्न दिला. थोरलीने अजून दे म्हटलं. सगळ्या खिडक्या उघडल्यावरच ती खाली उतरली. लढाई जिंकलेला राजाही हत्तीवरून इतक्या सावकाश उतरला नसेल.

धाकटी गॅलरीत नव्हती. ती खालीच होती, झाकण घातलेल्या एका गाडीजवळ.

"आलीस ताई. बरं झालं. मीही जुनी काढली आणि ही घेतली," म्हणत तिने झाकण ओढलं.

लालभडक गाडी, रंगाचा वास अजून ताजा. साखऱ्याने मला म्हणून मिळवून दिली, धाकटी सांगू लागली. आधीची मालकीण म्हणे फार शांत, तोंडातून शब्द फुटायची मारामार. जपून वापरलेली गाडी आहे. आणि तिने खिडकीतून हात घालून ऐटीत हॉर्न दाबला.

वायपर नाचू लागले.

मुलाला जोराचा ठसका लागला. थोरलीने त्याच्या पाठीत धपाटा घातला, पण स्वतःच्या तोंडावरची एक सुरकुती हलू दिली नाही. पोटात मात्र आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. देव उशिरा देतो, पण माप भरून देतो.

"गाडी पारखायला नजर लागते हो, धाकटे," ती म्हणाली. "दृष्ट काढ तिची."

"तुझीही छान आहे ताई. रंग शोभतो."

थोरली पोटभर जेवली. बहिणीच्या हातच्या जेवणाला तिने आयुष्यात पहिल्यांदा नावं ठेवली नाहीत. उलट मागून घेतलं. पुढच्या खेपेला आपण गॅलरीत बसायचं आणि धाकटी गाडी ढकलत कशी येते ते बघायचं, हे तिने पानावरच ठरवून टाकलं. विचारायचा प्रश्नही तयारच होता.

उन्हं कलल्यावर मायलेक निघाले. हिरवी गाडी दिवसभर तापून निघाली होती. मागचं दार उघडेना. मुलाने ओढलं, थोरलीने ओढलं, दोघांनी मिळून ओढलं. खिडक्यांत पुन्हा माणसं जमली.

"सरक रे बाळा," म्हणत धाकटी पुढे झाली. ताई, परत लवकर ये, असं बोलता बोलताच तिने दाराला खालून गुडघ्याचा एक दणका दिला, हँडल वर उचलून उजवीकडे पिरगाळलं आणि दार अलगद उघडून धरलं. मग तिचा हात हँडलवर तसाच राहिला.