पत्र्याची बादली

नेवाडाच्या माळावर तीन वर्षं पाऊस रुसला, तेव्हा रानटी मस्टँग घोड्यांना म्हाताऱ्या ओपलनंच पाणी पाजून जगवलं. आता सरकारी माणसं त्यांना धरायला आली होती. कुंपणाच्या आत पाण्याचं टाकं, सताड उघडं फाटक. कळप मात्र लांबच थबकलेला. मागच्या कुंपणाबाहेर अडवलेल्या ओपलला राहवेना. घोडे बिचकावेत म्हणून तिनं पत्र्याची बादली दणादणा बडवली. “पळा रे, मेल्यांनो!” कळपानं कान टवकारले आणि तो चौखूर उधळत थेट फाटकातून तिच्याकडे आला. तेव्हा कुठं तिला आठवलं, रोज पाणी ओतल्यावर आपण हीच बादली वाजवायचो. फाटक धाडकन लागलं. मुकादम हसला, “आजी, चार दिवस माशा मारतोय आम्ही. आधी नाही का यायचं?” ओपलनं बादली पाठीमागं लपवली. काळा घोडा कुंपणातून मान काढून नेहमीसारखा तिचा खांदा हुंगू लागला.