देवीला वरून प्रदक्षिणा

"पायऱ्या चढून गुडघे गेले, आज वरूनच प्रदक्षिणा घालू देवीला," म्हणत आत्याने विमान उजवीकडे वळवलं. पन्नाशीत लायसन्स काढलेली माझी आत्या पहिल्यांदाच कुणाला तरी घेऊन उडत होती, आणि ती कुणीतरी चक्क मी होते.

डोंगरावरचं देऊळ काडेपेटीएवढं दिसत होतं. प्रदक्षिणेच्या नादात, डोंगरामागे लष्कराचं दारूगोळ्याचं कोठार आहे, त्यावरून उडायला बंदी आहे, हे ती साफ विसरली. रेडिओवर दरडावणारा आवाज आला, "ताबडतोब मागे फिरा."

धावपट्टीवर अधिकारी उभेच होते. "मॅडम, समोरूनच नमस्कार केला असता तर?"

"तेवढ्यानंही देवीला चाललं असतं," आत्या म्हणाली. लायसन्स जमा करताना तिने त्यावरचा आपला फोटो अंगठ्याने पुसला.