तीन कामांची पिशवी

राधानं सायकलवर टांग टाकली, हॅण्डलवर वाकली आणि पाठीवरच्या लष्करी पिशवीची लोखंडी चौकट तिच्या डोक्यात टणकन लागली.

"ही नको," डोकं चोळत ती खाली उतरली.

"ती गोऱ्या शिपायासाठी शिवलेली," लवू म्हणाला. "तो कित्याक सायकल चालवतलो?"

लवूचं दुकान रे रोडला, लाकडाच्या वखारींच्या मधे. गोदीतल्या मालावर घालायच्या ताडपत्र्या तो शिवायचा आणि लढाईनंतर लिलावात निघालेलं लष्करी सामानही विकायचा. दाराशी राधाची आई, जाईबाई, उकिडवी बसून सगळं बघत होती.

राधा परळच्या मुलींच्या शाळेत कवायत शिकवायची. घोडपदेवहून रोज सायकलनं शाळेत जायची, रविवारी मुलींना घेऊन गड चढायची. आता हिमालयात महिनाभर डोंगर चढायला शिकण्यासाठी तिची निवड झाली होती. परवा दिल्लीचं विमान. पत्रात बजावलं होतं, प्रत्येकीनं एकच पिशवी आणावी आणि ती आपल्या पाठीवरून वाहावी, हमाल मिळणार नाही. चव्वेचाळीस पौंडांवर वजन गेलं तर विमानातही घेणार नव्हते. चाळीतून तिला चार ट्रंका देऊ केल्या होत्या, पाठीवर घ्यायची पिशवी कुणाकडेच नव्हती.

लवूनं विमानाचं चित्र असलेली रेक्झिनची बॅग पुढं केली. "विमानात सगळे हीच घेवन जातत."

"आणि दोराला धरून चढताना ही दातात धरू?"

जाईबाई हसली. लवूही हसला आणि माळ्यावर चढला. खाली आला तेव्हा त्याच्या हातात ताडपत्रीच्याच कापडाची एक हिरवट पिशवी होती. अंगानं अरुंद, तोंडाला दोरी, वर झाकण, दोन्ही बाजूंना खिसे. लोखंड कुठंच नाही.

"बोटीवयल्या एका तांडेलान शिवूक सांगितल्यान," तो म्हणाला. "तो आफ्रिकेक गेलो तो थंयच ऱ्हवलो."

राधानं तिच्यात ताडपत्रीच्या गुंडाळ्या, हातोडी, पितळी कड्या असं हाताला येईल ते भरलं. शेजारच्या वखारीतल्या काट्यावर वजन भरलं एक्केचाळीस पौंड. मग ती सायकलवर वाकली. डोक्याला काही लागलं नाही. तशीच ती स्टेशनपर्यंत गेली, सायकल भिंतीला टेकवली आणि पुलाचा जिना तीनदा धावत चढली-उतरली. परत आली ती धापा टाकत, पण तोंडभर हसत.

"हीच घेते. फक्त इथं काचते." तिनं मानेजवळ बोट ठेवलं. तिथं लाल वळ उठला होता.

"दोन दिस काचतली, मगे सवय होतली," लवू म्हणाला.

"सवय होत नाय," जाईबाई म्हणाली.

ती गुडघ्यावर हात टेकून उठली. याच वखारींतून वीस वर्षं तिनं डोक्यावरून फळ्या वाहिल्या होत्या. लेक शाळेत नोकरीला लागली तेव्हा तिनं ते काम सोडलं. तिनं राधाच्या खांद्यावर बोटं फिरवली, जागा शोधली आणि तिथं खडूनं खूण केली.

"पट्टा इथनं काढ, लवूभाऊ. मानेपासून दोन बोटं लांब. आणि खाली आणखी एक पट्टा लाव, पोटावर बांधायला. वजन कमरेवर बसू दे."

"पोटावर? पिशयेक पोटपट्टो खंय असता?"

"नसतो म्हणून तर मानेवर येतं."

लवूनं पिशवी मांडीवर ओढली. त्यानं शिवण उसवली, दोऱ्याला मेण लावलं आणि दाभण घेऊन बसला. तासाभरात पट्टे लागले. शेवटी पांढऱ्या रंगात ब्रश बुडवून त्यानं झाकणावर सावकाश लिहिलं: राधा बाबुराव तांबे, घोडपदेव, मुंबई. मुंबईपुढं स्वल्पविराम दिला आणि वीतभर जागा कोरी ठेवली.

"पुढं काय राहिलं?" राधानं विचारलं.

"जागा सोडलंय. लागतली."

समोरच्या भिंतीवर संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेची चुन्यानं लिहिलेली अक्षरं उन्हात वाळत होती. राधानं तिकडं पाहिलं आणि मान डोलावली.

रंग वाळल्यावर ती पिशवीला हात घालणार, तोच जाईबाई म्हणाली, "थांब. पट्टा मी सांगितलाय, आधी मी बघते."

"आये, जड आहे ती."

"याच्या दुप्पट नेलंय."

लवूनं पिशवी उचलून धरली. जाईबाईनं पदर खोचला, हात पट्ट्यांत घातले, पोटावरचा पट्टा आवळला आणि चालायला लागली. चार पावलांवर तिचे दोन्ही हात आपोआप डोक्याकडं गेले. तिथं धरायला काही नव्हतं. हात थोडा वेळ तसेच राहिले, मग खाली आले.

वखारीच्या फाटकातून ती आत गेली आणि फळ्यांच्या थप्पीजवळ एकदम उभी राहिली. राधा घाबरून मागं धावली.

"काय झालं? काचतंय?"

जाईबाईची मान वर होती. थप्पी दोन मजले उंच गेली होती आणि अगदी वर एक हमाल पाय सोडून भाकर खात बसला होता.

"फळ्या नेताना डोकं हलवायचं नाय. परत येताना मुकादम पळवायचा," ती म्हणाली. "थप्पीचं टोक आज पहिल्यांदा बघितलं बघ."

वरच्या हमालानं घास थांबवला. "काय पायजे, मावशी?"

"काय नाय," जाईबाई म्हणाली. "बघतेय."