अठ्ठ्याऐंशी पायऱ्या

"मध्ये टेकायचं नाही हं, आजोबा. टेकलात की मी घड्याळ बंद करणार," असं म्हणत फिजिओ मॅडमनी अण्णांच्या बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावला.

अण्णांनी मान वर करून दवाखान्याचा जिना पाहिला. चार मजले, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या. न थांबता चढले, तर परवा फुफ्फुसातली गाठ काढायची. नाही जमलं, तर सर्जन सुरी हातात घ्यायला तयार नव्हते.

"तीस वर्षं लिफ्ट चालवली," अण्णा म्हणाले. "जन्मभर लोकांना वर पोचवलं. आता आपली पाळी."

"काहीतरीच काय बोलता!" सूनबाई करवादली.

तीन आठवडे ती हात धुऊन त्यांच्या मागे लागली होती. सकाळी दोन उकडलेली अंडी, दुपारी घट्ट डाळ, चार वाजता दूध, आणि प्रत्येक घासाला एक भांडण. पहिल्या दिवशी अण्णा याच जिन्यावर अकराव्या पायरीला मटकन बसले होते. "मला नको तो व्यायाम नि नको ते ऑपरेशन," म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी मात्र तिच्या आधी चपला घालून दारात उभे.

पहिला मजला ते गप्पा मारत चढले. दुसऱ्यावर गप्पा संपल्या. तिसऱ्याच्या वळणावर फरशी पुसणाऱ्या बाईने बादली ओढून घेतली आणि ती भिंतीला चिकटून उभी राहिली. चिमट्यावरचा आकडा त्र्याण्णव झाला, मग एक्क्याण्णव.

"अण्णा, पुरे. आपण पुन्हा कधीतरी..." सूनबाईच्या तोंडून निघून गेलं.

बोलायला श्वास नव्हता. त्यांनी फक्त एक बोट वर केलं, गप्प! आणि ते बोट खाली घ्यायच्या आधीच पुढची पायरी चढले. मग तिच्या पुढची. उजवा पाय वर ठेवायचा, कठडा न धरता अंग वर उचलायचं, डावा पाय त्याच्या शेजारी आणायचा. सूनबाई बघतच राहिली. हा माणूस घरात पाण्याचा तांब्यासुद्धा हाताने घेत नसे.

शेवटची पायरी आली. अण्णा तिच्यावर उभे राहिले. बसले नाहीत.

मॅडमनी घड्याळ पाहिलं, पुन्हा एकदा पाहिलं. "मी सर्जनना कळवते. परवा पहिला नंबर तुमचाच," त्या म्हणाल्या. त्यांचा नेहमीचा करडा आवाज कुठल्या कुठे गेला होता. "अहो, जरा त्यांच्या पाठीला हात लावून उभ्या राहा. तोल जायला नको."

लग्नाला बारा वर्षं झाली होती, पण सासऱ्यांच्या पाठीला तिने कधी हात लावला नव्हता. घामाने ओल्या सदऱ्यावर तिने अलगद तळवा टेकवला.

हाताखाली बरगड्या उघडत होत्या, मिटत होत्या. परवा उजव्या फुफ्फुसाचा अर्धा भाग काढून टाकणार होते. त्या फुफ्फुसाला त्याचं काय! ते आपलं काठोकाठ भरत होतं, रितं होत होतं, पुन्हा भरत होतं.