हुंगल्याशिवाय नाही

अण्णा स्वतःच्या हाताने बिअर बनवत आणि पुढच्या खोलीतल्या नळावरून गिऱ्हाइकांच्या बाटल्या भरून देत. नियम एकच, आणलेली रिकामी बाटली आधी हुंगायची. शिळ्या बिअरचा पुसटसा वास आला तरी बाटली माघारी, मग पुढ्यात सख्खा जावई का उभा असेना.

सुताराची बाटली तर दर शनिवारी माघारी जाई. मधे महिनाभर तो फिरकलाच नाही आणि आज आला तो रिकाम्या हाताने. मागे दारात त्याची बायको उभी होती, खांद्याला प्रवासाची बॅग लावून.

"बाटली कुठाय?" अण्णांनी विचारलं.

"फोडली. महिना झाला, थेंब घेतला नाही. आज मला हुंगा."

"तुला हुंगायला घरात बायको आहे की."

"वीस वर्षांत तो वास तिच्या नाकात असा मुरलाय, की मी न पिताही तिला येतो. माझ्या शपथांना ती भीक घालत नाही. तुमच्या नाकावर मात्र तिचा भरवसा आहे."

रांगेतली माणसं हसली. सुतार हलला नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्याने तोंड उघडलं. अण्णांनी चष्मा काढून ठेवला आणि बाटली हुंगावी तसं निगुतीने दोनदा हुंगलं.

"स्वच्छ आहे," ते बायकोकडे बघून म्हणाले.

तिने बॅग खांद्यावरून उतरवली, पण खाली ठेवली नाही.

"पुढच्या शनिवारी दोघंही या," अण्णा म्हणाले. "मी हुंगल्याशिवाय कुणाला सोडत नाही."